वाचकांचे प्रश्न : शाळेतल्या पर्यावरण स्पर्धा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे पर्यावरण स्पर्धांबद्दलची पत्रे वाढतात. या वेळची बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर, करवीर, पन्हाळा आणि शिरोळ भागातली आहेत. शिक्षकांची आहेत, पालकांची आहेत, एक-दोन थेट मुलांचीही. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : दरवर्षी ५ जूनला जागतिक पर्यावरण दिनाची स्पर्धा घ्या असे पत्र येते. त्या दिवशी शाळा बंद असते. मग १५ तारखेनंतर घाईघाईत चित्रकला स्पर्धा उरकली जाते. काय करावे?
— मुख्याध्यापिका, करवीर तालुका

५ जूनचा हट्ट सोडा. त्या दिवशी फक्त विषय जाहीर करा, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि काम पावसाबरोबर सुरू होऊ द्या. स्पर्धेला लागणारी वस्तू निसर्गात कधी मिळते त्यावर तारीख ठरवावी. बियांची स्पर्धा जून-जुलैत, शाडूची श्रावणात, वन्यजीवांवरची २ ते ८ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात, उसाच्या पाचटाची (वाळलेल्या पाल्याची) हंगाम सुरू झाल्यावर डिसेंबरात, तलाव-पाणथळीची २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाच्या आसपास, पाण्याची २२ मार्चच्या जलदिनाला. सगळ्या घेऊ नका. वर्षाला दोन पुरेत, पण त्यांना प्रत्येकी दीड-दोन महिने द्या. एका तासिकेत उरकलेल्या स्पर्धेत मुलांच्या हाती ब्रश लागतो, विषय लागत नाही.

प्रश्न : ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेत मुले दुकानातून ग्लिटर, थर्माकोल, रंगीत कागद विकत आणतात. निम्म्या वस्तू आई-वडिलांनीच केलेल्या असतात. निकाल दिल्यावर दोन दिवसांत सगळे कचऱ्याच्या गाडीत जाते. ही स्पर्धा बंद करावी का?
— कला शिक्षक, कोल्हापूर शहर

बंद करू नका, नियम बदला. आज होते काय, तर पाण्याची रिकामी बाटली भंगारवाला घेऊन गेला असता. तिला गरम गोंद, चमकी आणि स्प्रे रंग लावल्यावर तोही घेत नाही. म्हणजे जी वस्तू पुन्हा वितळून कामाला आली असती ती आपण कायमची कचऱ्यात घातली. सजावटीच्या थर्माकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरीही ते प्रदर्शनात दिसते आणि परीक्षक त्याला गुण देतात!

हे नियम लावून पाहा. पहिला, साहित्य घरून आणायचे नाही. स्पर्धेआधी आठवडाभर वर्गातच एक पोते ठेवा, त्यात जमलेल्या कोरड्या कचऱ्यातूनच वस्तू करायची. त्यामुळे पालकांचा हात आपोआप आखडतो आणि आपल्या वर्गात कोणता कचरा किती होतो तेही मुलांना कळते. दुसरा, जोडकाम सुतळी, खाचा, शिवण, कणकेची किंवा मैद्याची खळ यांनीच. एक कप पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवावा, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, उतरवताना चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी, मुलांच्या हातात नको. त्याऐवजी तुरटीची पूड घाला आणि खळ दोन दिवसांत संपवा. तिसरा नियम सगळ्यात कामाचा : वस्तू रोजच्या वापराची हवी आणि गुण दोन हप्त्यांत मिळतील. निम्मे त्याच दिवशी, निम्मे महिनाभराने ती वस्तू वापरात आहे का ते पाहून. जुन्या पँटच्या पायाची बाजारपिशवी या नियमात टिकते. बाटलीचा मोर टिकत नाही.

पिशवीचेच उदाहरण घ्या. हिच्यात हमखास चूक होते ती बंदात. बंद नुसता कडेला शिवला की दोन किलो बटाट्यांना उसवतो. बंदाचे टोक पिशवीच्या आत दीड इंच घ्यावे आणि त्यावर चौकोन शिवून आत फुली मारावी. परीक्षकांनी पिशवीत तीन किलो वाळू भरून मुलांसमोर पाच मिनिटे टांगून ठेवावी. मुलांना हा खेळ आवडतो आणि निकालावर वादही होत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या पोस्टर स्पर्धेचा विषय ‘आपली नदी’ आहे. सगळे जण रडणारी पृथ्वी किंवा अर्धे झाड हिरवे, अर्धे वाळलेले काढतात. मला वेगळे काही सुचवाल का? पंचगंगेवर काढू का?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

पंचगंगेवर जरूर काढ, पण ‘नदी वाचवा’ इतकेच सांगून थांबू नकोस. तुझ्याकडे इतर गावच्या मुलांकडे नसलेले विषय आहेत. एक सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा पातळी आणि ४३ फूट झाली की धोका पातळी, हे पावसाळ्यात तुमच्याकडे घराघरांत बोलले जाते. तुझ्या गल्लीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते? आजी-आजोबांना, दुकानदारांना विचार, भिंतीवरची खूण दिसली तर टेपने जमिनीपासून मोज. ती भिंत काढ. तिच्यावर तीन रेषा, प्रत्येकीशेजारी वर्ष, आणि बाजूला तुझ्याच उंचीची एक मुलगी उभी. मोठमोठ्या घोषणेपेक्षा हे चित्र लोक थांबून बघतील. दोघांनी वेगवेगळी उंची सांगितली तर तिसऱ्याला विचार, आणि पोस्टरवर ‘गल्लीतल्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे’ असे बारीक अक्षरात लिही.

दुसरा विषय म्हणजे नाल्याचा प्रवास. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, प्रयाग चिखलीला संगम, पुढे नृसिंहवाडीला कृष्णा, इतके पाठ असते. पण आपल्या मोरीतले पाणी कुठल्या गटारातून जयंती किंवा दुधाळी नाल्यापर्यंत आणि तिथून पुढे कुठे जाते याचा नकाशा काढलेले पोस्टर क्वचितच दिसते. नाल्यात उतरायचे नाही. पुलावरून, रस्त्यावरून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन बघायचे.

आता कारागिरी. पूर्ण ड्रॉइंग शीट २२ × ३० इंची असते, स्पर्धेला बहुधा अर्धी मागतात. दहा फुटांवरून वाचता यायला अक्षर किमान एक इंच उंच हवे. बहुतेकांचे अर्ध्या इंचाचे असते, म्हणून वाचायला परीक्षकांना पुढे झुकावे लागते. शब्द दहा-बाराच ठेव. अक्षरे आधी पेन्सिलने आखून, जागा मोजून मगच रंगव. नाहीतर शेवटचा शब्द कडेला चेंगरतो.

प्रश्न : नैसर्गिक रंगांच्या स्पर्धेत हळदीचा पिवळा रंग काही चित्रांत मधेच लालसर झाला, बिटाचा गुलाबी चार दिवसांत तपकिरी पडला आणि पालकाच्या रंगाला बुरशी आली. चूक कुठे झाली?
— विज्ञान शिक्षिका, राजारामपुरी

हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. चुना, खाण्याचा सोडा, साबण, काहीही पुरते. मुलांनी साबणाने हात धुऊन ओल्याच हाताने कागद धरला असेल, किंवा शेजारच्या पांढऱ्या रंगात चुना असेल. हे वाईट मानू नका. कुंकू करायची जुनी रीत हीच आहे. हळदीने रंगवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने लिहायला लावा, पिवळ्यावर लाल अक्षरे उमटतात. लहान गटाला ही वेगळी स्पर्धाच होईल. फक्त हळदीचे चित्र उन्हात लावू नका, ती उन्हाने उडते.

बीट आणि पालक हे चित्राचे रंग नव्हेतच, ते भाजीचे रंग. हवा, ऊन, उष्णता यांपुढे टिकत नाहीत. टिकाऊ रंग हवे असतील तर मातीकडे आणि काजळीकडे जा. गेरू, पिवळी माती, कोळशाची वस्त्रगाळ पूड, खडूची पूड. फुलांतला पळस आणि बियांतली शेंद्री त्यातल्या त्यात बऱ्या. बांधायला बाभळीचा डिंक : एक चमचा डिंकाची पूड अर्धी वाटी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. एक चमचा रंगाच्या पुडीला साधारण तितकेच हे पाणी घालून खलात घोटा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला येतो. जास्त झाला तर चित्र गुंडाळताना रंगाचे पोपडे निघतात. बुरशीला उपाय एकच, रंग त्या दिवसापुरताच करायचा. तुरटी किंवा लवंगेचे तेल घातल्याने एखादा दिवस पुढे जातो, इतकेच.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या शाळेने सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) स्पर्धा घेतली. मुलांनी हजारभर गोळे केले, पन्हाळ्याच्या बाजूला सहलीला गेलो तेव्हा टाकले. यंदा जाऊन पाहिले तर एकही रोप दिसले नाही. बिया खराब होत्या का?
— शिक्षक, पन्हाळा तालुका

बिया, माती, जागा आणि वेळ या चारही ठिकाणी गडबड झालेली असू शकते. एकेक पाहू.

बियांपासून सुरुवात करू. जांभूळ, फणस, आंबा यांच्या बिया वाळल्या की मरतात. त्यांचा गोळा करून दोन दिवस वाळवला म्हणजे आत मेलेली बी ठेवली. कडुनिंबाची बीही फळ गळाल्यापासून थोड्याच आठवड्यांत निकामी होऊ लागते. मागच्या वर्षीची निंबोळी उगवण्याची आशा धरू नये. बहाव्याचे उलटे. त्याची बी वर्षानुवर्षे टिकते पण कवच इतके कडक की पाणी आत शिरत नाही. सँडपेपरवर एका बाजूने घासून आतला फिकट भाग दिसू लागला की थांबावे आणि रात्रभर भिजवावी. चिंच, करंज यांना रात्रभर भिजवणे पुरे, पण करंजाची बी मोठी असल्याने तिला गोळ्याची गरजच नाही, काठीने भोक पाडून टोचली की झाले. सुबाभूळ, गिरिपुष्प, गुलमोहर हे पाहुणे. सहज उगवतात म्हणून टाकू नका.

कुठलीही बी घेण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठ-दहा दिवस ठेवा. दहाही उगवल्या नाहीत तर तो ढीग बाजूला काढा. स्पर्धेचे पाच गुण या चाचणीच्या नोंदीला ठेवा.

मातीचे प्रमाण मापाने पाच भाग चिकण माती, तीन भाग चाळलेले कुजलेले शेणखत, एक भाग बी. तुमच्याकडची काळी माती वापरली असेल तर ती वाळताना तडकते, म्हणून तांबडी घ्या किंवा कुंभाराकडची. पाणी थोडे थोडे. गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला तर फुटू नये आणि पसरूही नये. आकार छोट्या लिंबाएवढा, मोठी बी असल्यास एका गोळ्यात एकच. सावलीत दोन दिवस, उन्हात कधीच नाही. आणि ओले गोळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की बी आतच मोड धरते आणि मरते. सहलीच्या आदल्या रात्री हे हमखास घडते.

जागेबद्दल थोडे परखड बोलावे लागेल. मसाई पठारासारखे सडे (खडकाळ पठारे) ओसाड वाटतात म्हणून मुले तिथे मूठमूठ गोळे उधळतात. खडकावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात जी गवते आणि बारीक रानफुले उगवतात तेच त्या पठाराचे जंगल आहे. तिथे झाड लावणे म्हणजे चांगल्या घरात घुसखोरी. राधानगरीसारख्या अभयारण्यात किंवा कुठल्याही वनजमिनीवर वनखात्याला विचारल्याशिवाय काहीही टाकू नये. जागा निवडावी ती ओढ्याकाठची, शाळेच्या किंवा गावाच्या मालकीची, शेळ्यांपासून थोडी राखता येईल अशी. वेळ, पहिले दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओलावली की.

खरे सांगायचे तर गोळ्यांपेक्षा रोपवाटिकेची स्पर्धा जास्त पदरात टाकते. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या धुतलेल्या पिशव्या, खाली दोन्ही कोपरे कातरून आणि बाजूंना सात-आठ भोके पाडून. कोपरे कातरले नाहीत तर तळाशी पाणी साचून मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. झाड निवडताना आपट्याचा विचार करा. दसऱ्याला कोल्हापुरात सोने लुटताना आपटा म्हणून बरेचदा कांचनाच्या फांद्याच विकल्या जातात. आपट्याचे पान लहान, रुंदीला लांबीपेक्षा जास्त आणि जाडसर. ज्या वर्गाची सर्वाधिक रोपे पुढच्या जूनला जिवंत तो वर्ग जिंकला. निकालाला वर्ष लागेल. लागू द्या.

प्रश्न : पाणी गाळण्याच्या प्रतिकृतीतून पाणी आधीपेक्षा गढूळ आले! परीक्षकांनीही ‘हे दरवर्षीचेच आहे’ म्हणून गुण कापले. सातवीच्या मुलांना पाण्यावर काय करायला द्यावे?
— पालक, मंगळवार पेठ

गढूळ येण्याचे कारण नव्वद टक्के वेळा न धुतलेली वाळू. बादलीत वाळू घेऊन पाणी वरून नितळ वाहेपर्यंत खळबळायची. सहा-सात पाणी लागतात, मुले दोन पाण्यांत कंटाळतात. कोळसाही धुवायचा, नाहीतर पाणी काळे येते. दोन लिटरच्या बाटलीचे बूड कापून ती उलटी धरली तर तळापासून वर थर असे : तोंडाला फडके बांधून दोन सेंमी कापूस, चार सेंमी कुटलेला कोळसा, सहा सेंमी बारीक वाळू, चार सेंमी जाड वाळू, तीन सेंमी खडे. पाणी खड्यांवर हळू ओतावे. जोरात ओतले की वाळूत खड्डा पडतो आणि पाणी त्या वाटेने न गाळता निसटते. पहिले अर्धा लिटर फेकून द्यावे. आणि फलकावर ‘पिण्यायोग्य पाणी’ असे लिहू नये. या गाळणीने गाळ थांबतो, जंतू थांबत नाहीत. परीक्षकांनी गुण कापायचे तर यावर कापावेत.

त्यांचे म्हणणे मात्र खोटे नाही. नवीन काही हवे तर गाळण्याऐवजी मोजायला द्या. साधन स्वस्त आहे. चार-पाच सेंमी व्यासाची, ६० सेंमी लांब पारदर्शक नळी घ्या, ॲक्रिलिकची किंवा प्लास्टिकची. एक तोंड घट्ट झाकणाने बंद करा. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकची चकती, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगवलेले. तेलरंग वापरा, पाण्याचा रंग पहिल्याच नमुन्यात विरघळतो. नळीला बाहेरून तळापासून सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. ही चकती नळीच्या तळाशी आडवी बसली आहे ना ते बघा. तिरकी बसली तर एका बाजूने लवकर दिसेनाशी होते.

वापर असा : नमुना हलवून नळीत थोडा थोडा ओता आणि वरून सरळ खाली बघत राहा. काळा-पांढरा फरक दिसेनासा झाला की थांबून उंची वाचा. आकडा जितका मोठा तितके पाणी नितळ. नळी काठोकाठ भरूनही चकती दिसत असेल तर ‘६० सेंमीपेक्षा जास्त’ लिहा. उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत वाचन घ्यावे. पाण्यात बुडबुडे असतील तर ते बसेपर्यंत थांबावे. दोन मुलांनी वेगवेगळे वाचून सरासरी काढावी, कारण दोघांचे डोळे सारखे नसतात आणि दुसऱ्याचा आकडा ऐकला की आपलाही तिकडे झुकतो. म्हणून पहिल्याने आकडा मोठ्याने सांगायचा नाही.

नमुने रंकाळ्याच्या राजघाटावरून, कळंबा तलावातून, पंचगंगा घाटावरून आणि घरच्या नळाचे, दर पंधरवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी. बाटली तिथल्याच पाण्याने तीन वेळा विसळा. पायरीवर बसून हात पोहोचेल तिथूनच घ्या, तळाचा गाळ ढवळू नका, शिक्षक किंवा पालक सोबत हवेतच, पुराच्या दिवसांत अजिबात जायचे नाही, आणि नंतर साबणाने हात. पाण्याचा रंगही लिहून ठेवा. पावसात नदीचे पाणी तांबूस होऊन आकडा घसरतो तो मातीने. उन्हाळ्यात तलावाचे पाणी हिरवे होऊन घसरतो तो शेवाळाने, आणि शेवाळाला खाऊ पुरवते सांडपाण्यातले नत्र व स्फुरद. सारखाच आकडा, कारणे वेगळी. हे ज्या मुलाने आपल्या आलेखावरून सांगितले त्याला पहिला क्रमांक द्यायला हरकत नाही.

प्रश्न : शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळेत निम्म्या मूर्तींना तडे गेले. सोंड आणि हात गळून पडले.
— शिक्षिका, गंगावेश

तडा जातो तो जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने वाळल्यामुळे. सहा इंची मूर्तीला सव्वा ते दीड किलो शाडू लागतो. कोरड्या पुडीत पाणी हळूहळू घालून चपातीच्या कणकेइतका मऊ मळा, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मळा. किलोला चिमूट-दोन चिमटी पिंजलेला कापूस मिसळला तर माती धरून राहते. पोटाचा भाग भरीव न ठेवता खालून अंगठ्याने पोकळ करा. हात, सोंड, कान जोडताना दोन्हीकडे टाचणीने रेघोट्या मारायच्या, शाडूची पातळ खीर लावायची आणि दाबून सांधा बोटाने पुसून घ्यायचा. नुसते चिकटवलेले हात गळणारच.

पहिला दिवस मूर्तीवर ओलसर फडके, मग सावलीत. श्रावणातल्या दमट हवेत सहा ते आठ दिवस लागतात. पंखा लावला की वरचा थर आक्रसतो आणि आतला ओलाच राहतो, तडा तिथेच. मूर्ती गालाला लावून पाहा, गार लागली तर अजून ओली आहे, रंग नको. भेग पडलीच तर तिथे पाण्याचा हात फिरवून त्याच मातीची घट्ट लापशी भरावी. कार्यशाळा म्हणूनच चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी घ्या, चार दिवस आधी नको. विसर्जन शाळेतच बादलीत करून खाली बसलेली माती पुढच्या वर्षाला वाळवून ठेवता येते. कागदाच्या लगद्याची मूर्ती मात्र ‘पर्यावरणपूरक’ म्हणून तलावात सोडू देऊ नका. लगदा कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरतो.

प्रश्न : प्लास्टिकवर पथनाट्य बसवले आहे. रंकाळा चौपाटीवर संध्याकाळी केले तर कोणाला ऐकूच गेले नाही.
— नववीचा गट

संध्याकाळी सहानंतर तिथे गाड्या, भेळवाले आणि लहान मुलांचा गलका यांच्याशी तुमची स्पर्धा आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वेळेत करा. हलगी घ्या, कोल्हापुरात हलगी वाजली की माणूस मान वळवतोच, माइकची गरज नाही. पण संवाद चालू असताना ती बंद. एका वेळी एकानेच बोलायचे, वाक्य सात-आठ शब्दांचे, महत्त्वाचे वाक्य सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हणायचे. गोलात उभे असाल तर बोलणाऱ्याने प्रत्येक वाक्याला पाव वळण घ्यायचे, नाहीतर निम्म्या लोकांना पाठच दिसते. आठ मिनिटांच्या वर नेऊ नका. महापालिकेला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला शाळेच्या पत्रावर आधी कळवा.

नाटकात राक्षस, यमराज आणि शेवटी शपथ हे सगळीकडे असते. त्याऐवजी आधी दहा दुकानदारांना विचारा की गिऱ्हाईक पिशवी आणत नाही तेव्हा ते काय करतात, काय बोलतात. त्यांचीच वाक्ये नाटकात घाला. लक्ष्मीपुरीच्या बाजारातला खरा संवाद कुठल्याही यमराजापेक्षा जास्त हसवतो. परीक्षकांनी खुर्च्या मांडून बसू नये, गर्दीत उभे राहावे आणि संपल्यावर तीन अनोळखी लोकांना ‘काय कळले?’ एवढेच विचारून गुण द्यावेत.

प्रश्न : आमची शाळा उसाच्या पट्ट्यात आहे. शहरातल्या शाळांसारखे साहित्य आमच्याकडे नाही. काय स्पर्धा घेता येईल?
— शिक्षक, शिरोळ तालुका

तुमच्याकडे पाचट आहे, आणखी काय हवे! तोडणीनंतर फडात काडी लावली जाते ते मुले रोज बघतात. पाचट कुजवण्याची स्पर्धा घ्या. शेतकऱ्यांना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू अशी शिफारस असते. त्याच हिशोबाने दर १० किलो पाचटाला ८० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० ग्रॅम. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे, म्हणून नुसते ठेवले तर महिनोन्महिने तसेच राहते. बोटभर तुकडे करा, थर देत शेणकाल्याबरोबर हे मिश्रण शिंपडा. ढीग तीन फूट लांब, रुंद आणि उंच तरी हवा, लहान ढिगात उष्णता धरत नाही. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. खते शिक्षकांनीच हाताळावीत.

प्रत्येक गटाचे दोन ढीग असू द्या, एक युरिया घालून, एक नुसत्या शेणाचा. मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि रोज बाहेर काढून हात लावून पाहा. पहिल्या आठवड्यांत चांगली तापते. तापलीच नाही तर ओल कमी आहे किंवा ढीग छोटा आहे. कुबट वास आला तर पाणी जास्त झाले. तीन आठवड्यांनी उलथापालथ. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला अर्धवट कुजलेले ढीगच दाखवायचे, वह्यांसकट. ही स्पर्धा वहीची आहे, खताची नंतर.

प्रश्न : निबंध आणि घोषवाक्ये मुले मोबाइलवरून, हल्ली एआयकडून लिहून आणतात. गुण कसे द्यावेत?
— परीक्षक, कोल्हापूर

घरून लिहून आणायचा निबंधच ठेवू नका. वर्गात प्रत्येकाच्या बाकावर शाळेच्या आवारातली एक वस्तू ठेवा, गळलेले पान, चिप्सची पिशवी, गांडूळखताची मूठ, आणि चाळीस मिनिटांत तिच्यावर लिहायला सांगा. वह्यांवर नावाऐवजी क्रमांक. शंभरातले तीस गुण स्वतः पाहिलेल्या गोष्टीला, पंचवीस कल्पनेला, वीस माहितीच्या अचूकपणाला, पंधरा मांडणीला, उरलेले दहा तोंडी दोन प्रश्नांना. हस्ताक्षराला वेगळे गुण नकोत.

प्रश्न : बक्षिसे आणि बॅनर?
— पालक-शिक्षक संघ, शाहूपुरी

शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहेच, आणि जाड फ्लेक्सवरही तारीख छापली की तो एका दिवसाचा. जुन्या चादरीवर वर्ष न घालता रंगवलेला फलक पाच वर्षे चालतो, वर्ष खाली कागदावर टाचा. बक्षीस म्हणून प्लास्टिकची ढाल आणि सेलोफेनमधला गुच्छ नको. भिंग, पक्षी ओळखण्याचे पुस्तक, किंवा दुधाच्या पिशवीतले आपट्याचे रोप द्या; रोप देताना घरी जागा आहे का ते आधी विचारा, गच्चीवर कुंडीत आपटा फार दिवस खूश राहत नाही.